इथे कोणी येत नाही

आमच्या घरात हातात मावणारा पहिला कॉम्प्युटर आला तो जावयाच्या खिशातून, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्याला जावयाचाच मान मिळाला. बसायला पाट दिला नव्हता एवढंच. साबणाच्या वडीहून थोडा मोठा, काळ्या चामडी कव्हरातला तो डबा, आणि त्याच्या कडेला खोचलेली एक बारीक प्लॅस्टिकची काडी. भावोजी ती काडी काढायचे, पडद्यावर टोचायचे, भुवया आक्रसायचे आणि सॅटेलाइट पकडतोय म्हणायचे. कौलांखाली सॅटेलाइट सापडत नसत, म्हणून त्यांना अंगणात यावं लागे. वाळत घातलेल्या भाताच्या कडेला, हात आभाळाकडे करून हा गृहस्थ दहा-दहा मिनिटं उभा राहायचा, आणि आई मला आतून खुणावायची की मधेमधे लुडबुडू नको, पाव्हणं काम करतायत. आज भाजीवाल्याच्या फोनातही तीच विद्या असते आणि तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण मी तेव्हा अकरावीत होते, आणि कोंबड्या अंगणभर फिरत असताना त्यांच्यामध्ये उभं राहून थेट अंतराळाशी संबंध ठेवणारा माणूस आपल्या नात्यातला आहे, याचा मला फार अभिमान वाटत होता. त्या मुलीची मला आज कीव येत नाही, रागच येतो.

सुनीताताईच्या लग्नाला सात महिने झाले होते. नाताळच्या सुट्टीला ती दोघं मुंबईहून गाडी घेऊन आली. पोलादपूरच्या पुढे, सावित्रीच्या काठाला आमची वाडी. घर मातीचं, दोन खोल्या आणि पडवी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली वडिलांची पुस्तकं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू, गाव गुरुजी म्हणे. त्यांची शाळा आंबेनळी घाटाच्या बाजूला, वर डोंगरात होती. सोमवारी पहाटे जायचे ते शनिवारी दुपारी यायचे. बाकीचे दिवस घरावर आईचं राज्य. जावई आल्यावर तिने ते राज्य त्यांच्या पायाशी ठेवलं. एरवी आमच्याकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, नाहीतर सुकट. त्या आठवड्यात दोन कोंबडे गेले, वडे तळले गेले, आणि भावोजींना नारळाचं वाटण सोसत नाही असं ताई म्हणाल्यावर सगळ्या घराने वाटण सोडलं. घरात प्लगचं ठिकाण एकच होतं. तिथे टीव्ही लागायचा. भावोजींच्या यंत्राची बॅटरी तीन तासांत मरायची, म्हणून टीव्ही काढून तिथे ते यंत्र लावलं. त्यात आमच्याकडे वीज यायची-जायची तिच्या मर्जीने. वीज गेली की भावोजी गाडीत जाऊन बसायचे आणि इंजिन चालू ठेवून यंत्राला पाजायचे. हायवेवर कशेडीकडून उतरणाऱ्या ट्रकांची घरघर आम्हाला पाळण्यापासून सवयीची, पण आपल्याच अंगणातली ती उभ्या गाडीची फुरफुर मला अजून ऐकू येते.

त्यांचं एक तत्त्व होतं की रस्ता माणसांना विचारायचा नाही. माणसं चुकीचं सांगतात, यंत्र सांगत नाही. एकदा त्यांनी आम्हा दोघी बहिणींना आंबेनळी घाटात कुठलीशी जागा दाखवायला नेलं. पडद्यावर एक बाण आणि त्याखाली अंतर. अंतर चारशे मीटर म्हणत होतं, म्हणून गाडी सोडून आम्ही बाणामागे निघालो. बाणाला दरी दिसत नव्हती. कारवीत शिरून, हातपाय ओरबाडून घेऊन आम्ही कड्याच्या टोकाशी पोहोचलो तेव्हा जागा समोरच्या डोंगरावर होती आणि अंतर अजूनही चारशे मीटरच होतं. खालून लाकडाची मोळी घेऊन एक बाई येत होती. ताईने तिला वाट विचारली तर भावोजी तोंड फिरवून उभे राहिले. त्या बाईने हाताने दाखवलं, आम्ही अर्ध्या तासात गाडीशी पोहोचलो, आणि परतीच्या वाटेत भावोजींनी आम्हाला सांगितलं की त्या बाईने वाट लांबची सांगितली. मला ते खरं वाटलं.

हे यंत्र घेऊन ते आणि त्यांच्यासारखे काही लोक एक खेळ खेळत. कुठेतरी डोंगरात, झाडाच्या ढोलीत, दगडाखाली एक डबा लपवायचा. त्यात किरकोळ वस्तू आणि एक वही ठेवायची. त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. मग दुसऱ्या कोणीतरी ते आकडे आपल्या यंत्रात भरून डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची आणि डबा होता तिथे परत लपवायचा. एवढंच. धडधाकट, पगारदार माणसं रजा काढून हे करत. खेळाचा सगळ्यात मोठा नियम असा की खेळाबाहेरच्या माणसांना काही कळू द्यायचं नाही. त्या बाहेरच्यांसाठी त्यांच्यात एक खास हिणवणारं नावही होतं. भावोजींनी मला विश्वासात घेऊन ते सांगितलं तेव्हा आपण आतल्या झालो म्हणून मी हरखले. आमचा अख्खा तालुका त्या नावात बसत होता, माझी आई आणि अण्णासुद्धा, हे मला सुचलं नाही.

आमच्या तालुक्यात असा डबा एकही नव्हता. पहिला आपला, असं भावोजींनी ठरवलं. महाडच्या बाजारातून घट्ट झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा आणला, त्याला हिरवी टेप गुंडाळली आणि झाकणावर जाड मार्करने जागेचे आकडे लिहिले. लांबलचक आकडे, मधेमधे ठिपके, शेवटी इंग्रजी अक्षरं. आत एक परदेशी नाणं, किल्ल्यांची साखळी, प्लॅस्टिकचा एक हिरवा बेडूक, आणि माझ्याकडून म्हणून मी केसांची फुलपाखराची पिन घातली. वहीत पहिली नोंद मी करावी असं ठरलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. ते अण्णांनी पाटीवर हात धरून वळवलेलं अक्षर. भावोजींनी मजकूर सांगितला आणि मी तो वळणदार लिहिला. नंतर आम्ही नदीकाठच्या शेतांकडे गेलो आणि आमच्या तुकड्याचा बांध जिथे संपतो तिथल्या उंबराखाली, दगड बाजूला करून डबा ठेवला. त्यानंतर चौथ्या दिवशी ती दोघं मुंबईला गेली. टीव्ही परत प्लगला लागला.

बांधाच्या पलीकडची जमीन धोंडूकाकांची. वाडीत सपाट आणि पाण्याजवळची म्हणावी अशी तीच. त्यांच्या बापाने वरच्या गावच्या खोतांची ती जमीन कूळ म्हणून कसली होती, आणि कायदा आला तेव्हा धमक्या, मारहाण, कचेरीच्या फेऱ्या असं सगळं सोसून नावावर करून घेतली होती. तो सातबारा त्यांनी काचेच्या चौकटीत घालून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावला होता. भात निघालं की ते तिथे वाल टाकायचे. मूलबाळ नव्हतं, काकी वारल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ माणूस त्या उंबराखाली बसलेला असायचा, चहासुद्धा किटलीत घालून तिथेच न्यायचा. आम्ही डबा ठेवला त्या दिवशी ते बिरवाडीला पुतण्याकडे गेले होते. जवानीत त्यांनी कशेडी घाटात दरडी उपसायच्या कामावर बरीच वर्षं काढली होती. तिथे त्यांनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती. आधी हातात यंत्र घेतलेला माणूस येतो आणि कोणाशी बोलत नाही. मग आकडे लिहिलेली खूण येते. मग जेसीबी येतो आणि डोंगर जातो. हायवे रुंद होणार, नदीकाठाने वळवणार, असं तेव्हा बसस्टँडवर रोज कोणी ना कोणी बोलतच होतं.

डबा आठवडाभरात सापडला. गुरं राखणाऱ्या कोणाला तरी दिसला. झाकणावरचे आकडे वाचून वाडीतल्या शहाण्यांनी निकाल दिला की ही सर्व्हेची खूण, ज्याच्या शेतात ही आहे त्याची जमीन जाणार. उघडायची कोणाची छाती झाली नाही, सरकारी वस्तू. पण हलवायची छाती सगळ्यांची झाली. आमच्याकडे बांध कोरणं आणि हद्दीचा दगड हातभर सरकवणं ही काही नवी कला नव्हे. बापांनी दगड सरकवले, मुलांनी डबा सरकवला. आज उंबराखाली असलेला डबा उद्या तीन शेतं पलीकडे, परवा ओढ्याच्या काठी. भावाने भावाच्या वाफ्यात टाकला, चुलत्याने पुतण्याच्या. दोन घरांचं बोलणं बंद झालं. एकाने नुकसानभरपाईत झाडं धरतात म्हणून शेतात घाईघाईने चाळीस काजू लावले आणि पाणी घालायचं विसरला. ज्यांना एकमेकांच्या घरातलं मीठ संपलेलं कळत होतं, त्या माणसांना त्या डब्याचं झाकण उघडून बघावंसं वाटलं नाही, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. मला सगळं माहीत होतं. मी आतली होते.

मला काळजी फक्त एका गोष्टीची लागली. डबा जागेवरून हलल्यामुळे भावोजींचा आकडा चुकणार होता. मी पोलादपूरला बूथवरून त्यांना फोन केला. ते चिडले. लोकल लोकांना अक्कल नसते म्हणाले, आणि त्यांना काही कळू न देता डबा परत जागेवर ठेव म्हणाले. ते काही मला जमलं नाही, कारण तोवर लोक आपापल्या शेताची राखण करू लागले होते. त्यातच एका रविवारी पाठीवर बॅगा लावलेले दोन तरुण मोटारसायकलवरून आले. दोघांच्या हातात तसलीच यंत्रं. ते आमच्या शेतांतून पडद्याकडे बघत चालले, थांबले, मागे फिरले, पुन्हा चालले. उंबराखालचे सगळे दगड त्यांनी उलथून टाकले. धोंडूकाका तिथेच बसलेले होते. त्यांनी विचारलं, काय शोधताय साहेब? त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, काही नाही, असंच, म्हणाले, आणि चहा नको म्हणून निघून गेले. नियम पाळला त्यांनी. त्या संध्याकाळी वाडीत कोणाच्याही मनात शंका उरली नाही.

डबा शेवटी धोंडूकाकांच्या शेतात येऊन थांबला, कारण त्यांनी तो पुढे सरकवला नाही. ज्या माणसाच्या घराला कायद्याने जमीन दिली होती, तो सरकारी खुणेला हात लावणार नव्हता. लोक त्यांना भोळा म्हणाले. अण्णा शनिवारी आले तेव्हा त्यांनी हा सगळा गोंधळ ऐकला आणि मूर्खपणा म्हणून मोडीत काढला. तरी धोंडूकाकांच्या समाधानासाठी सोमवारी वरच्या शाळेत उशिरा जायचं ठरवून ते कचेरीत चौकशीला गेले. तिथल्या कारकुनाने मान वर न करता, नक्की काही सांगता येत नाही, असं सांगितलं. आमच्या लोकांत याचा अर्थ नक्की आहे असा होतो.

तेव्हा मात्र मला भीती वाटली आणि मी आईला खरं सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, दार लोटून घेतलं आणि मला म्हणाली, "जावयाचं नाव या घरातनं बाहेर पडता कामा नाय गो. ताईला तिकडं दारात उभं करनार नायत. अण्णांना तर अजिबात नाय सांगायचं, ते सरळ चावडीवर जाऊन बोलतील." तिला ताईचं सासर दिसत होतं. लग्नात मानपानावरून झालेली बोलणी ती विसरली नव्हती. तिचं भय खोटं नव्हतं हे मला आज कळतं. पण धोंडूकाका आमच्या घरी रोज येत होते, तिच्या हातचा चहा पीत होते, हेही खरंच होतं.

दोन दिवसांनी ते आले आणि पडवीत टेकले. नेहमीसारखं जयभीम झालं. मग आईशी न बोलता ते माझ्याकडे वळले. "तुझ्या भावोजींच्या हातातबी तसलंच यंत्र हुतं ना गो? शिकलेला मानूस हाय, त्यांना ठाव असंल. रस्ता येतोय का? तू खरं काय ते सांग, मी तसं करीन." आई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. "मला नाही माहीत, काका," असं मी म्हणाले. शाळेत शिकवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाले. त्यांनी मान हलवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले की तू तर पोर, तुला कुठनं ठाव असनार.

मी आता महाडला शाळेत शिकवते. खोटं बोललेल्या मुलांना मी पटकन ओळखते, कारण ती फार शुद्ध बोलतात. मुलांचं सोडून द्यावं, ती मुलं असतात. पण मी अकरावीत होते, मला नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी पडले होते, आणि एका वाक्याने जे थांबलं असतं ते मी थांबवलं नाही. भावोजींची मी इतकी वर्षं कुचेष्टा करत आलेय ती मला शोभत नाही. त्यांना कळतच नव्हतं. मला कळत होतं.

धोंडूकाकांचा पुतण्या बिरवाडीला एका खोलीत राहून कंपनीत जायचा. त्याच्या ओळखीचा एक एजंट निघाला, एजंटाच्या ओळखीचा पुण्याचा एक माणूस. सरकारने घेतली तर हातात काही पडणार नाही, पडलं तर मेल्यावर पडेल, हे त्यांना तिघांनी मिळून समजावलं. पुण्याच्या माणसाला रस्त्याचं विचारलं तर तो हसला म्हणे, आणि रस्ता आला तर माझं नशीब, काका, म्हणाला. तो शहाणा होता. मार्चमध्ये खरेदीखतावर सह्या झाल्या. अण्णा त्यांना थांबवायला गेले होते, पण कचेरीतलं उत्तर तेच घेऊन आले होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता. धोंडूकाकांनी चौकटीतला सातबारा भिंतीवरून काढला. काच तशीच ठेवली आणि आत काकींचा फोटो घातला. शेवटचे वाल त्यांनी आमच्याकडे आणून दिले, दोन पायली. आईने ते बरणीत भरले. त्या वर्षी तिने बिरडं केलं नाही.

मे महिन्यात पुण्याच्या माणसाचा जेसीबी आला. उंबर गेला, आमच्या बाजूचा बांध अर्धा गेला. हायवे रुंद झाला तो पुष्कळ वर्षांनी, आणि झाला तो होता तिथेच, आमच्या शेतांपासून लांब. आता धोंडूकाकांच्या शेतात रिसॉर्ट आहे, उंबराच्या जागेवर निळी टाइल लावलेला पोहण्याचा तलाव आहे, आणि सुट्टीला आलेली मुंबई-पुण्याची माणसं तिथे वालाची भाजी अस्सल गावरान म्हणून खातात. फोनमधली बाई त्यांना दारापर्यंत बरोबर आणून सोडते. भावोजी अजूनही चारचौघांत सांगतात की त्या तालुक्यातला पहिला डबा त्यांचा होता. ताई तेव्हा उठून पाणी आणायला जाते.

जेसीबी आला त्याच आठवड्यातल्या शनिवारी अण्णा घरी होते. शाळेला सुट्टी लागली होती. दुपारची जेवणं होऊन आम्ही पडवीत बसलो होतो. धोंडूकाका टॉवेलात काहीतरी गुंडाळून आले आणि त्यांनी ते अण्णांपुढे दोन्ही हातांनी ठेवलं. "गुरुजी, सरकारी वस्तू हाय. त्या जेसीबीनं उपटली, मातीत पडली हुती. उद्या कोन विचारायला आलं तर धोंडूनं फेकली म्हनतील. तुमच्याकडं ऱ्हाऊ दे." आई आतून बाहेर आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

अण्णांनी टेप सोडवली. झाकण काढलं. नाणं, साखळी, बेडूक. फुलपाखराची पिन त्यांनी उचलून पाहिली. ती त्यांनीच मला पोलादपूरच्या बाजारात घेऊन दिली होती. मग वही उघडली, आणि पहिल्या पानावर ते बराच वेळ थांबले. अक्षर ओळखायला त्यांना खालची सही वाचायची गरज नव्हती. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही माझ्यापुढे धरली आणि वाच म्हणाले. मी मनात वाचू लागले तर म्हणाले, "मोठ्याने. काकांना ऐकू दे."

मी वाचलं. "आज आम्ही येथे पहिल्यांदा पोहोचलो. जागा अतिशय रम्य व निर्जन आहे. इथे कोणी येत नाही." खाली माझं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट.

मग अण्णांनी मला सगळं विचारून घेतलं आणि मी सांगितलं, भावोजींचं नाव घेऊन सांगितलं. धोंडूकाका ऐकत होते. त्यांनी बेडूक हातात घेऊन उलटापालटा केला, बोटाने त्याच्या पाठीवरची माती पुसली आणि परत डब्यात ठेवला. "म्हंजे रस्ता नाय येनार?" त्यांनी अण्णांना विचारलं. अण्णा नाही म्हणाले. धोंडूकाकांनी आमच्या शेताच्या दिशेला पाहिलं. "मंग तुमचा तुकडा वाचला, गुरुजी. बरं झालं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो आजवर जपून ठेवला असता.

ते उठले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि पडवीची पायरी उतरले. उतरून थांबले. माझ्याकडे वळून, अभ्यासातली चूक दाखवावी तसं समजुतीने म्हणाले, "आनि कोनी येत नाय, असं नको लिवू गो. मी रोज यायचो."